लहान बेटांमधून शिडाच्या बोटीनं: पहिल्या सफरीची तयारी

नकाशावर लहान बेटांचा पुंजका दिसला की हात शिवशिवायला लागतात. आज हे बेट, उद्या ते, परवा पलीकडचं, असा बेत पाच मिनिटांत कागदावर उतरतो. नवख्या मंडळींचे असे पुष्कळ बेत मी पाहिलेत आणि सुरुवातीला माझेही तसेच असायचे. त्यात एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे रात्री बोट उभी कुठे करायची. शीड हाताळायला माणूस आठवड्याभरात बऱ्यापैकी शिकतो. बेटांच्या सफरीत खरा कस लागतो तो थांबताना. म्हणून बेत उलटा करायचा. आधी रात्रीचा मुक्काम ठरवायचा, मग तिथे किती वाजता पोचायचं ते, आणि त्यावरून सकाळी किती वाजता निघायचं ते.

बोट कशी घ्यावी

बोट भाड्यानं घेण्याचे तीन प्रकार आहेत. एकात बोट पूर्णपणे तुमच्या ताब्यात असते, याला बेअरबोट म्हणतात. त्यासाठी बहुतेक देशांत बोट चालवण्याचं प्रमाणपत्र मागतात, काही ठिकाणी रेडिओ वापरण्याचा परवानाही लागतो. दुसऱ्यात बोटीबरोबर स्किपर, म्हणजे बोट चालवणारा जाणता माणूस मिळतो. तिसरा प्रकार फ्लोटिलाचा. पाच-दहा बोटी एकत्र निघतात आणि पुढे एक जाणकारांची बोट असते. पहिल्या सफरीला बेअरबोट घेऊ नका, हातात प्रमाणपत्र असलं तरीही. निदान पहिले दोन दिवस तरी स्किपर बरोबर ठेवा. त्या पाण्याची त्याला असलेली ओळख कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

चार जणांना 10-11 मीटरची बोट पुरते. मोठी बोट आरामाची वाटते, पण लहानशा खाडीत वळवताना आणि थांबवताना तीच जड जाते. एका सांगाड्याच्या शिडाच्या बोटीचा तळ पाण्याखाली साधारण दोन मीटर जातो, दोन सांगाड्यांच्या कॅटामरानचा त्याहून बराच कमी. बेटांजवळचं पाणी उथळ असेल तर हा फरक मोलाचा ठरतो.

बोट ताब्यात घेताना घाई करू नका, तास-दीड तास घालवा. साखळी किती मीटर आहे आणि तिच्यावर दर किती मीटरला खूण आहे, ते विचारा. इंजिन सुरू केल्यावर मागून पाणी बाहेर पडतंय का ते बघा. पडत नसेल तर इंजिन थंड राहत नाहीये. शौचालयाचे आणि तळाचे वॉल्व्ह कुठे आहेत ते स्वतः उघडून-बंद करून पाहा. स्वयंपाकाच्या गॅसचा मुख्य वॉल्व्ह सगळ्यांना दाखवा आणि काम झालं की लगेच बंद करायची सवय लावा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साठून राहतो.

आणि एक प्रश्न नक्की विचारा: खोली दाखवणारं यंत्र नेमकी कुठून खोली मोजतं? पाण्याच्या पृष्ठभागापासून, बोटीच्या तळापासून, की मधेच बसवलेल्या सेन्सरपासून? पडद्यावर 2.5 दिसलं तर एका बोटीत त्याचा अर्थ 'तळाखाली भरपूर पाणी आहे' असा होतो आणि दुसरीत 'आता अर्ध्या मीटरवर टेकणार' असा.

नकाशा घरी बसून वाचा

समुद्रावरचं अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे 1852 मीटर, अक्षांशाच्या एका कलेएवढं (अंशाच्या साठाव्या भागाएवढं) अंतर. म्हणून नकाशाच्या डाव्या-उजव्या कडेला जी अक्षांशाची पट्टी असते, तीच तुमची मोजपट्टी. वर-खालची रेखांशाची पट्टी त्यासाठी वापरू नका, विषुववृत्तापासून दूर जाल तसं तिच्यावरच्या एका कलेचं अंतर आकसत जातं. ताशी एक सागरी मैल वेगाला नॉट म्हणतात. लहान शिडाची बोट सरासरी पाच नॉटनं जाते असं धरा.

वाऱ्याच्या थेट तोंडावर शीड चालत नाही, नागमोडी जावं लागतं. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे काटकोनात टप्पे घेत गेलात तर सरळ 10 मैलांचे जवळपास 14 होतात. पाच नॉटनं दोन तासांची वाट तीन तासांची झाली. पहिल्या दिवशी आठ-दहा मैल पुरे, पुढच्या दिवसांत पंधरा-वीस. उरलेला वेळ बेटांना द्या, त्यासाठीच तर निघालोय.

नकाशावरची खोली बहुतेक ठिकाणी ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून दिलेली असते, म्हणजे प्रत्यक्षात पाणी सहसा त्याहून जास्तच मिळतं. पण आकडे मीटरमध्ये आहेत, फुटांत आहेत की वावात (फॅदममध्ये), हे कोपऱ्यात छापलेलं असतं. ते आधी वाचा. तळ कसा आहे हेही अक्षरांत दिलेलं असतं. एस म्हणजे वाळू, एम म्हणजे चिखल, आर म्हणजे खडक, डब्ल्यूडी म्हणजे समुद्री वनस्पती.

आता मोबाइल किंवा टॅबलेटवरच्या नकाशाबद्दल. पडदा लहान असल्यामुळे नकाशा लांबून (झूम आउट करून) बघितला की लहान खडक आणि उथळ जागा त्यावरून गायब होतात. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये जगप्रदक्षिणेच्या व्होल्व्हो ओशन रेसमधली 'टीम व्हेस्टास विंड' ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कारगाडोस काराजोस नावाच्या प्रवाळी उथळावर रात्री जाऊन आदळली. बोटीवर जगातले कसलेले दर्यावर्दी होते. जितक्या अंतरावरून ते नकाशा बघत होते, तिथून तो उथळ धोक्यासारखा दिसतच नव्हता. सुदैवानं सगळे वाचले. ज्या वाटेनं जाणार त्या वाटेवर हाताचं बोट ठेवा आणि नकाशा पूर्ण मोठा करून इंच इंच सरकवत शेवटपर्यंत बघा. हे काम घरी, टेबलावर, चहाच्या कपाबरोबर करायचं, डुलत्या बोटीत नाही.

मुक्कामाच्या प्रत्येक खाडीसाठी वहीत चार गोष्टी लिहा: ती कुठल्या दिशेला उघडी आहे, तळ कसला आहे, नांगर टाकण्याजोगी चार ते आठ मीटर खोली कुठे आहे, आणि वारा फिरला तर जवळची दुसरी जागा कोणती. चौथी ओळ रिकामी राहत असेल तर तो मुक्काम पहिल्या सफरीत घेऊ नका.

वारा

वाऱ्याचा जोर सांगायला ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्टनं 1805 मध्ये एक श्रेणी बनवली. ती आजही चालते. तुमच्या कामाचे तिचे मधले आकडे. तीन (7 ते 10 नॉट) म्हणजे शीड भरतं आणि लाटांवर कुठेकुठे पांढरा फेस दिसतो, नवख्यांसाठी हा सोन्यासारखा दिवस. चार (11 ते 16 नॉट) म्हणजे फेस बऱ्याच ठिकाणी, बोट कलते, मजा येते आणि कामही वाढतं. पाच (17 ते 21) म्हणजे शीड कमी करायलाच हवं. सहाचा अंदाज असेल तर नवख्यांनी बंदरात बसून राहावं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. अंदाजात दिलेला वेग सरासरी असतो, मधले झोत त्याहून 40 टक्क्यांपर्यंत जास्त असू शकतात. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. म्हणून 'शीड कमी करावं का?' हा विचार मनात पहिल्यांदा आला, तीच कमी करायची वेळ. आणखी थोडं थांबलात तर तेच काम कललेल्या डेकवर, ओल्या दोरांशी झुंजत करावं लागतं.

बेटं वारा बदलून टाकतात, आणि हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण अंदाजात तो नसतो. दोन बेटांमधल्या अरुंद वाटेत वारा दाटतो आणि जोर धरतो. बाहेर 12 नॉट असताना आत 20 मिळू शकतात. भूशिरांच्या टोकांशीही तसंच. उंच डोंगराच्या बेटामागे आडोसा मिळेल असं वाटतं, पण तिथे वारा कडा उतरून झोताझोतानं कोसळतो. क्षणात शांत, क्षणात पाण्यावर काळी सुरकुती धावत येते. ती सुरकुती ओळखायला शिका. ती दिसल्यापासून बोटीवर पोचेपर्यंत काही सेकंद मिळतात, शिडाचा दोर सैल करायला तेवढे पुरतात. आडोशाला सपाट, बुटकं बेट बरं. ते वारा अडवत नाही, पण लाटा अडवतं.

स्वच्छ उन्हाच्या दिवसांत बहुतेक किनाऱ्यांवर वाऱ्याचं एक वेळापत्रक असतं. सकाळी शांत, जमीन तापली की समुद्रावरून वारा सुरू, दुपारी जोरात आणि सूर्य कलला की मंद. सकाळी लवकर निघून दुपारी दोन-तीनपर्यंत मुक्कामी पोचायचं ते यासाठीच. उशिरा पोचलात तर वारा अंगावर आणि सूर्य डोळ्यांत, अशा अवस्थेत अनोळखी खाडीत शिरावं लागतं.

भरती-ओहोटी

काही समुद्रांत भरती-ओहोटी जेमतेम जाणवते. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी ती वीतभरच. कॅनडाच्या बे ऑफ फंडीत मात्र पाणी 16 मीटरपर्यंत चढतं. तुमची बेटं या दोन टोकांच्या मधे कुठे आहेत ते आधी शोधा. पाणी सहा तासांत चढतं, पण सारख्या गतीनं नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असं ते वाढतं. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून अर्धं पाणी येतं, आणि बेटांमधल्या वाटांत पाण्याची ओढही तेव्हाच सगळ्यात जास्त असते. ओढ एकीकडे आणि वारा समोरून असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशा वाटेनं भरती-ओहोटी पालटायच्या सुमारास जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत हे जास्त सांभाळा, भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या) दिवसांत जरा निवांत राहिलात तरी चालतं.

खाडीत शिरताना

शिडं आधीच उतरवा, इंजिनावर सावकाश या. एक जण नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर उभा राहील, पाण्यावरची चकाकी कमी करणारा पोलराइज्ड चष्मा लावून. सूर्य उंच आणि पाठीमागे असेल तर पाणी बरंच काही सांगतं. गडद निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे कमी खोल, फिकट हिरवा-निळा म्हणजे वाळूवरचं उथळ पाणी, तपकिरी-पिवळट म्हणजे खडक किंवा प्रवाळ. अशा पाण्यापासून लांब राहा. ढगाची सावलीही काळी दिसते, पण ती सरकते. नाळेवरच्या माणसाचं सुकाणूवाल्याला ऐकू जात नाही, म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या: डावीकडे, उजवीकडे, थांब, मागे. ओरडाआरडीतूनच अर्धी भांडणं आणि निम्मे अपघात सुरू होतात.

नांगर

इथे वेळ द्या. आधी खाडीत एक चक्कर मारून बाकीच्या बोटी कशा उभ्या आहेत ते बघा. आधी आलेल्याचा हक्क पहिला. वारा फिरला की प्रत्येक बोट आपल्या नांगराभोवती फिरणार, तेव्हा तुमचं वर्तुळ त्यांच्या वर्तुळाला लागता कामा नये.

किती साखळी सोडायची त्याचा हिशोब असा. खोली 5 मीटर, पाण्यापासून नाळेची उंची 1 मीटर, रात्री भरती येऊन पाणी चढणार 2 मीटर, एकूण 8. पूर्ण साखळी असेल तर त्याच्या पाचपट, म्हणजे 40 मीटर. साखळीचा थोडा तुकडा आणि पुढे दोर असेल तर सातपट. एवढी का? नांगर वजनानं बोट धरत नाही, तळात रुतून धरतो. ओढ आडवी आली तर तो आणखी रुततो, वर आली तर उपटतो. साखळी तळावर लोळत पडलेली असेल तरच ओढ आडवी येते.

जागा वाळूची शोधा. समुद्री गवतावर नांगर टाकलात तर पात्याला गवताचा गठ्ठा अडकतो आणि तो रुतत नाही. शिवाय ते गवत उपटलं जातं. भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया गवत इतकं हळू वाढतं की नांगरानं पडलेली खाच भरायला कित्येक वर्षं जातात. पुष्कळ ठिकाणी त्यावर नांगर टाकायला बंदी आहे. प्रवाळावर तर नांगर कधीच टाकू नका. बोट बांधायचे तरंगते बॉय असतील तर ते वापरा.

वाऱ्याकडे तोंड करून बोट पूर्ण थांबवा. नांगर तळाला टेकेपर्यंत सोडा, मग बोट मागे सरकेल तशी साखळी सोडत जा. एकदम सगळी सोडली तर तिचा ढीग नांगरावरच पडतो. ठरलेली लांबी सुटली की इंजिन हळूहळू मागे घ्या. साखळी ताणली जाईल. आता तळहात साखळीवर ठेवा. नांगर रुतलेला असेल तर साखळी घट्ट आणि स्थिर लागते. घसरत असेल तर तळावरून खरखर हातापर्यंत येते, धक्के बसतात. ही खरखर एकदा हाताला कळली की जन्मभर विसरत नाही. किनाऱ्यावरच्या दोन खुणाही जुळवा, पुढचा खडक आणि त्याच्यामागचं झाड. इंजिन मागे ओढत असतानाही त्या एका रेषेत राहिल्या तर तुम्ही जागेवर आहात. नाही राहिल्या तर नांगर उचला आणि पुन्हा टाका. तिसऱ्यांदा टाकावा लागला तरी त्यात कमीपणा काही नाही. पाणी स्वच्छ असेल तर पोहण्याचा चष्मा लावून पोहत जा आणि डोळ्यांनी बघा. पातं वाळूत गडप झालेलं आणि नुसता दांडा वर दिसला की त्या रात्री शांत झोप लागते.

मी हे इतकं लावून धरतो त्याला एक रात्र कारण आहे. खाडी दक्षिणेला उघडी होती, संध्याकाळी वारा उत्तरेचा, पाणी ताटातल्यासारखं. अंदाज मी वाचला होता, पण दुसऱ्या दिवशीच्या प्रवासापुरता, म्हणजे सकाळी आठपासून पुढचा. रात्रीचे तास पाहिलेच नाहीत. दीडच्या सुमारास वारा नैऋत्येचा झाला, लाटा आत येऊ लागल्या आणि भांड्यांच्या आवाजानं जाग आली. वर आलो तर संध्याकाळी लांब असलेला खडक बोटीच्या मागे तीन-चार बोटींच्या अंतरावर होता, आणि साखळीला तीच खरखर. अंधारात नांगर उचलून बाहेर पडलो आणि उजाडेपर्यंत बेटाच्या दुसऱ्या बाजूला इंजिनावर येरझाऱ्या घातल्या. कुणाला इजा झाली नाही. तेव्हापासून अंदाज वाचताना मी आधी रात्री दहा ते सकाळी सहा हे तास बघतो.

झोपायच्या आधी फोनवर नांगराचा अलार्म लावा, डोलकाठीवरचा चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावा आणि अंधारात खाडीतून बाहेर पडायची दिशा वहीत लिहून ठेवा.

बोटीवरची माणसं

उलटीचा त्रास होणाऱ्यांनी गोळी निघायच्या आधी घ्यावी, त्रास सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. बोटीच्या मध्यावर बसा, नजर क्षितिजावर, आणि शक्य असेल तर सुकाणू हातात घ्या. मुलं, पोहता न येणारी माणसं आणि अंधारात डेकवर जाणारा कुणीही यांना लाइफ जॅकेट सक्तीचं. वारा चारच्या वर गेला की सगळ्यांनाच. एक हात बोटीसाठी, एक स्वतःसाठी. बूमच्या (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याच्या) वाटेत डोकं नको.

माणूस पाण्यात पडला तर आधी मोठ्यानं ओरडायचं, मग तरंगणारं जे हाताला लागेल ते फेकायचं. एका माणसाचं काम फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहण्याचं, त्यानं नजर क्षणभरही काढायची नाही, कारण लाटांत डोकं नारळाएवढंच दिसतं. इंजिन सुरू करण्यापूर्वी पाण्यात दोर लोंबत नाहीत ना ते बघा. शांत हवेत टोपी किंवा चेंडू पाण्यात टाकून हा सराव पहिल्याच दिवशी करा.

रेडिओचा चॅनेल 16 कायम चालू ठेवा. जीव धोक्यात असेल तरच तीन वेळा 'मेडे' (संकटाची हाक), मग बोटीचं नाव, जागा, काय झालं आणि किती माणसं आहेत. हे एका कार्डावर लिहून रेडिओशेजारी चिकटवा.

दुसऱ्या बोटी भेटतील तेव्हाचे नियम 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारातले आहेत. मागून ओलांडणाऱ्यानं बाजूला राहायचं. दोन शिडाच्या बोटींत ज्याला वारा डाव्या बाजूनं लागतोय त्यानं वाट द्यायची, एकाच बाजूनं लागत असेल तर वाऱ्याकडच्यानं. मासेमारी करणाऱ्या बोटीला शिडाच्या बोटीनंही वाट द्यायची. आणि इंजिन लावून चालला असाल तर शीड वर असलं तरी तुम्ही इंजिनाचीच बोट.

बेटावर उतरताना

डिंगीच्या (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीच्या) इंजिनाचा सुरक्षा दोर मनगटाला अडकवा, वल्ही बरोबर ठेवा आणि परतायला उशीर होणार असेल तर डोक्याचा दिवा. भरती असेल तर डिंगी पाण्याच्या रेषेपासून बरीच वर ओढून बांधा. लहान निर्जन बेटांवर समुद्रपक्षी जमिनीवरच अंडी घालतात. वर घिरट्या घालून ओरडायला लागले तर तुम्ही घरट्यांत आलात असं समजा आणि आल्या पावली मागे फिरा. सनस्क्रीनही बघून घ्या. प्रवाळाला अपायकारक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर पलाऊनं 2020 पासून आणि हवाईनं 2021 पासून बंदी घातली आहे. लांब बाह्यांचा सदरा त्याहून बरा.

लहान बेटांवर गोडं पाणी आणि कचऱ्याची सोय दोन्ही कमी असतात. पाणी बरोबर न्या, पिण्यासाठी माणशी रोज तीन लिटर धरा, आणि कचरा परत आणा. मैल्याची टाकी खाडीत उघडू नका, तिथेच सगळे पोहतात. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार होते आणि आवाज वर न जाता पाण्यावरून लांब जातो, त्यामुळे तुमचं हळू आवाजातलं बोलणंही पलीकडच्या घरात ऐकू येतं. जनरेटर असेल तर दिवसाच लावा.

सकाळी निघताना

वारा उठायच्या आत नांगर उचला. इंजिनावर बोट हळूहळू साखळीच्या दिशेनं पुढे न्या, विंचला (साखळी ओढणाऱ्या यंत्राला) बोट ओढायला लावू नका, त्याचं काम फक्त साखळी गुंडाळायचं. साखळी सरळ खाली उभी झाली की क्षणभर थांबा, लाटेच्या उचलीनं नांगर आपोआप सुटतो. वर येईल तशी साखळी बादलीनं धुवा, नाहीतर चिखलाचा वास दोन दिवस झोपायच्या जागेत राहतो. नांगर नाळेवर पक्का बांधला, डिंगी मागे घेतली, सगळी माणसं मोजली की मगच खाडीच्या तोंडाकडे वळा.